टिल्याच्या पोटातली गाठ

“नख रोवून बघा, ताई,” असं म्हणत मास्तरांनी कातड्याची चघळायची कांडी गिऱ्हाइकापुढे धरली. “रुतलं तर घ्या. नाही रुतलं तर कुत्र्याचा दात तुटलाच म्हणून समजा. आणि कांडी त्याच्या तोंडापेक्षा मोठी हवी. चघळायची वस्तू आहे, गिळायची नव्हे.”

“घरातलं शिजवलेलं हाड दिलं तर?”

“त्यापेक्षा सुरीच द्या की खायला.”

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात ते बावीस वर्षं काउंटरमागे उभे होते, एवढंच. पण धडा दिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पुडकं द्यायचं नाही ही त्यांची खोड, म्हणून मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. चॉकलेट नको, मनुके नकोत, तुकडा चघळून लहान झाला की काढून घ्या. हे सगळं त्यांनी झोपेतसुद्धा न चुकता सांगितलं असतं.

गिऱ्हाईक बाहेर पडलं आणि फोन वाजला. जनावरांचे डॉक्टर बोलत होते.

“मास्तर, आपल्या सिस्टरांचा टिल्या गेला हो. ऑपरेशन केलं, पण उशीर झाला होता. आतड्यात कातड्याची गाठ अडकली होती, अक्रोडाएवढी. कांडीच्या टोकाला असते ना, तसली. तुमच्याकडची का?”



“असले तुकडे आम्ही विकत नाही,” ते म्हणाले.

हे खोटं नव्हतं. विकत नव्हतेच. माल उतरवताना कांड्या मोडत, टोकाच्या गाठी सुट्या होत. त्या फेकून द्यायला जीव होत नसे, म्हणून मास्तर त्या एका डब्यात टाकत आणि ओळखीचं कुत्रं दारात आलं की एक गाठ त्याच्यापुढे टाकत. मोठी कुत्री ती चावून चावून संपवत. शनिवारी त्यांनी तसलीच एक गाठ मांजराएवढ्या टिल्यापुढे टाकली होती. सिस्टर तेव्हा पिशवीत चष्मा शोधत होत्या, त्यांनी पाहिलंही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

सिस्टर म्हणजे मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त नर्स. नवरा गेल्यापासून घरात बोलायला टिल्याच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक खाद्याची न फोडलेली पिशवी परत करायला दुकानात आली.

“आईनंच काहीतरी घातलं असणार त्याला,” ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “तुम्ही विकत नाही म्हणालात, असं डॉक्टर सांगत होते. मग आलं कुठून? रस्त्यावरून उचलून दिलं असेल. विचारलं तर म्हणते, मला आठवत नाही. आज हे, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. मी तिला आता एकटीला ठेवणार नाही. माझ्या दोन खोल्यांत जागा नाही, पण एक वृद्धाश्रम बघितलाय. चांगले लोक आहेत.”



“पिशवी ठेवून जा, ताई,” एवढंच मास्तर म्हणाले.

त्यांनी डबा कचऱ्यात ओतला. बायकोला काही सांगितलं नाही. लेक दुःखात बोलली, चार दिवसांत निवळेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. शिवाय सांगून कुत्रं थोडंच परत येणार होतं? खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. एवढे धडे देणारा माणूस उद्या लोकांना तोंड कसं दाखवणार, याचीच भीती. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी हमालाने सांगितलं की सिस्टरांच्या दारात सामानाचा टेम्पो लागलाय, आणि मास्तर दुकान तसंच टाकून धावले.

घर रिकामं झालं होतं. सिस्टर उरलेल्या एका खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर वही होती. टिल्याने काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, हे त्या तिच्यात लिहून ठेवत, वॉर्डात रुग्णाचं लिहीत तसं. त्या पुन्हा पुन्हा त्या शनिवारचंच पान बघत होत्या.

“सिस्टर, ती गाठ मी दिली होती,” मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाले. “दुकानात. तुमचं लक्ष नव्हतं.”

लेकीच्या हातातलं खोकं खाली आलं. सिस्टरांनी वहीवरून मान वर केली.

“म्हणजे मी विसरले नव्हते,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या. कुत्र्यासाठी त्या पहिल्यांदाच रडत होत्या. इतके दिवस, आपणच मारलं तर रडायचं कुठल्या तोंडानं, असं त्यांना वाटत होतं.

“चुकून झालं हो, सिस्टर.”

“गाठ चुकून दिलीत, मान्य. वॉर्डात माझ्याही हातून चुका झाल्यात. पण आम्ही त्या त्याच दिवशी सांगायचो, कारण पुढचा इलाज त्यावर ठरायचा. तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलंत? आणि हे आठ दिवसही चुकूनच गेले का, मास्तर?”

सिस्टरांनी पिशवीतून पेन काढलं.

“किती वाजता दिली होतीत?”

“साडेदहा.”

सिस्टरांनी शनिवारच्या पानावर ते नेटक्या अक्षरात लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. “सही करा.”

मास्तरांनी सही केली. 

“आई,” लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, “घरमालकाला चावी देऊन टाकलीये गं आपण. उद्या नवे भाडेकरू येतायत.”

“माहीत आहे मला. मीच दिली ना.”

सिस्टरांनी वही पिशवीत घातली आणि त्या उठल्या. लेकीने पुढे होऊन एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने पिशवी घेतली. आठ दिवस ती असंच करत होती.

“सोड,” सिस्टर म्हणाल्या. “माझी पिशवी मला उचलता येते.”

लेकीने दंड सोडला, पिशवी परत दिली. मास्तर भिंतीशी अंग चोरून उभे राहिले आणि त्यांच्यासमोरून सिस्टर एकेक पायरी उतरून टेम्पोकडे गेल्या.