मुंढ्यातली माया

साल होतं दोन हजार तीन. त्या वर्षी नगरपालिकेच्या जिन्यापाशी एक पाटी लागली : ‘सदस्यांची हितसंबंध नोंदवही कोणाही नागरिकास पाहता येईल. वेळ दहा ते एक. कारण विचारले जाणार नाही.’ सहा महिने झाले तरी वर चढून ती वही मागणारं कुणी निघालं नव्हतं. पहिली निघाली ती गुंडी.

गुंडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत ही गोल म्हणून गुंडी आणि हिच्या बाकावरची दुसरी काडीसारखी, बोलायला टोकदार, म्हणून टाचणी. नावं अशी चिकटली की दोघींची मुलं लग्नाला आली तरी सुटली नाहीत. गुंडीने पुढे शिवणकामाचं दुकान टाकलं. ते जणू नावातच होतं. टाचणी मात्र नगरसेविका झाली आणि गुंडीच्या पोटात दुखायला लागलं.

तसं ते दुखणं जुनंच. शाळेत अक्षर सुंदर कुणाचं, तर टाचणीचं. नवरा बायकोचं ऐकणारा मिळाला कुणाला, तर टाचणीला. गुंडीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि दिवसाकाठी वीस शब्द बोलायचा, त्यातले दहा टोमणे. हे सगळं गुंडीने गिळलं होतं. पण निवडून आल्याची बातमी घेऊन टाचणी दुकानात आली, आणि माप द्यायला आलेल्या चार बायका गुंडीला तशीच टेपसकट सोडून तिच्याभोवती गोळा झाल्या, ते काही गिळता आलं नाही.

“पहिल्या सभेला तुझ्याच हातचा कोट घालणार,” टाचणी म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं शिवलेलं मला अंगाला लागत नाही.”

“मजुरी घेणार नाही,” गुंडी म्हणाली. “माझ्याकडून भेट समज.”

गडद निळा लोकरी कोट शिवला तिने. काजं हाताने केली, आत रेशमी अस्तर लावलं. आणि बाही जिथे खांद्याला जोडतात तो मुंढा मुद्दाम अर्धा इंच आवळला. नुसतं उभं राहिलं तर कोट अंगावर ओतल्यासारखा. हात वर करायला जावं तर कानापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. सभेत मत द्यायला हात वर करावा लागतो, हे गुंडीला चांगलं ठाऊक होतं. एकच झालं, कापताना सवयीने तिने शिवणीच्या आत माया सोडली. पुढे अंग भरलं तर कपडा सैल करता यावा म्हणून जास्तीचं कापड आत ठेवतात, त्याला शिवणारे माया म्हणतात. आवळायच्या कोटात माया कशाला ठेवायची? पण तीस वर्षांचा हात, तो थोडाच विचारून चालतो.

पुढे वर्तमानपत्रात सभेचा फोटो आला. सगळ्यांचे हात ताठ वर आणि टाचणीचा कोपरात वाकून गालाशी थांबलेला. लोक तिला ‘अर्धा हात’ म्हणायला लागले. गुंडीने तो फोटो कापून मशीनच्या खणात ठेवला. दिवस वाईट गेला की काढून बघायची.

वाईट दिवसांना तोटा नव्हता. तयार कपडे स्वस्त झाले होते, दुकानाला घरघर लागली होती. तेवढ्यात पालिकेच्या शाळांचे गणवेश शिवण्याचं काम निघालं. ते मिळालं तर दुकान तरणार, नाही तर शटर कायमचं खाली. शेवटी दोनच अर्ज उरले, गुंडीचा आणि बाजारातल्या बड्या कापडवाल्याचा.

सभेच्या दिवशी नवरा बातमी घेऊन आला. “पाच-पाच मतं पडली. अध्यक्षांनी जादा मत कापडवाल्याला दिलं.”

“पाच-पाच कशी? सदस्य अकरा आहेत.”

“तुझी टाचणी विषय निघताच उठून गेली. व्हरांड्यात पाणी पीत उभी होती.”

गुंडीच्या हातातली सुई थांबली. पोलकं न्यायला आलेली एक बाई म्हणाली, “कापडवाल्याशी तिच्या नवऱ्याची भागीदारी आहे म्हणतात. माया जमवायची नसेल तर निवडणुकीला कोण उभं राहतं हो?”

“मग वही बघून ये,” नवरा म्हणाला. “फुकट आहे. म्हणूनच कुणी बघत नाही.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला गुंडी पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत हजर. कारकून शिक्क्याच्या गादीत शाई भरत होता.

“ती हितसंबंधांची वही. म्हणजे मी आपली सहजच... पुतणीला निबंध आहे शाळेत.”

“बाई, कारण विचारत नाही आम्ही.”

“नाही, पण उगाच कुणाला वाटायला नको...”

“सांगूही नका. मला निबंधाचं काही कळत नाही.” त्याने वही काढून धूळ झटकली. “घरी नेता येणार नाही. इथे बसून वाचा, हवं ते उतरवून घ्या. कुणी काही लपवलंय असं वाटलं तर आठवड्याच्या आत तक्रार करायची, त्याचा कागद माझ्याकडे मिळेल.”

“तो आधीच द्या,” गुंडी म्हणाली.

लाजेकाजेस्तव तिने आधी दोन-तीन दुसरी पानं वाचली. एकाने सासऱ्याची पिठाची गिरणीसुद्धा लिहिली होती. मग टाचणीचं पान आलं. तेच टपोरं, एका रेषेतलं अक्षर. पाहूनच गुंडीचं तोंड कडू झालं. राहतं घर, दोन खोल्या. नवऱ्याची नोकरी, दवाखान्यात औषधं देण्याची. भागीदारी, नाही. जमीन, नाही. गुंडीने पान उलटलं. मागे ‘मिळालेल्या भेटी’ हा रकाना होता. त्यात एकच नोंद :

‘निळा लोकरी कोट, एक. देणारी शाळेपासूनची मैत्रीण, व्यवसाय शिवणकाम. हिचा विषय सभेपुढे आल्यास मी बाहेर जाईन.’

गुंडीने ते तीनदा वाचलं. “हे असं लिहिलं की जावंच लागतं का?”

“भेट घेतली की वर्षभर त्या माणसाच्या विषयात बसता येत नाही.”

“आणि नुसती मैत्री असली तर?”

“नुसत्या मैत्रीला उठायचं म्हटलं तर सभागृह ओस पडेल. भेट नसती तर बसल्या असत्या की त्या.”

म्हणजे सहावं मत गुंडीनेच शिवून बंद केलं होतं, रेशमी अस्तर लावून. त्यातही तिला राग आला तो टाचणीचाच. खरेपणातसुद्धा हिनेच पहिला नंबर काढावा? जिना उतरताना तिला रडू आलं, आणि रडूसुद्धा टाचणीपायीच येतं, याचा आणखी राग आला.

संध्याकाळी ती टाचणीच्या दारात उभी राहिली. “कोट आण.”

“का गं गुंडे, परत नेतेस की काय?”

“मुंढ्यात चुकलाय.”

टाचणीने तिला आत बसवलं आणि कोट आणून तिच्या मांडीवर टाकला. “तू आणि मापात चुकणार? पहिल्या दिवशीच कळलं मला. अंबाड्यापर्यंत हात जाईना.”

“मग घालत कशाला राहिलीस?”

“नसता घातला तर तू विचारलं असतंस, का नाही घालत. मग भांडण. त्यापेक्षा हात अर्धा वर केला तरी मोजतात ते.”

“आणि वहीत लिहिलंस ते सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मोठी आली तत्त्वाची.”

“म्हणालेच असते,” गुंडी म्हणाली. मग कोटाचा मुंढा चाचपत म्हणाली, “मजुरी दे. म्हणजे भेट खोडता येईल.”

“खोडणार नाही. वर्षात एकच तर भेट आलीय मला.” टाचणीने कोटाची बाही उलटी करून दाखवली. “माया सोडलीस ना आत? मग उसव आणि सैल कर. बोलतेस किती.”

गुंडीने तिथेच बसून टीप उसवली. नवं माप लिहायला कागद नव्हता, म्हणून तक्रारीच्या कागदाची पाठ कामी आली.

त्या वर्षी दुकान कसंबसं तगलं, आणि तेही कापडवाल्यामुळे. त्याच्या गणवेशांत कापड वाचवायला माया ठेवलीच नव्हती. पोरं वाढली, शिवणी फाटल्या, आया रांग लावून गुंडीकडे आल्या. पुढच्या वर्षी विषय पुन्हा निघाला तेव्हा अकराही हात वर झाले. टाचणीचा कानाच्याही वर.

कापडवाला नंतर अंथरुणं-पडदे विकू लागला. कारकून निवृत्त झाला. वही संगणकावर गेली आणि आता घरबसल्या कुणालाही वाचता येते, तरी वाचत कुणी नाही. गुंडीचा नवरा शेवटपर्यंत वीसच शब्द बोलला. गुंडी मात्र टाचणी निवडून येत होती तोवर दरवर्षी तिचं पान वाचायला जायची. एका वर्षी भेटींच्या रकान्यात निघालं, ‘छत्री, एक. देणारी शेजारीण.’ गुंडी पंधरा दिवस टाचणीशी बोलली नाही.

टाचणी जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या सुनेने निळा कोट गुंडीकडे आणून दिला. तो आजही दुकानात खुंटीला असतो. गुंडीला तो होत नाही, आणि मुंढ्यात सैल करायला आता माया उरलेली नाही.