दारातलं स्टूल

खुर्चीच्या पाठीतला शेवटचा खिळा काही केल्या निघेना. कारागिराने खुर्ची आडवी पाडली, तिच्यावर गुडघा रोवला आणि पकडीने असा हिसका दिला, की खिळ्यासोबत काथ्याचा पुंजकाही बाहेर आला. जुने सोफे आणि खुर्च्या सोलून त्यांना नवे कापड चढवणे हा त्याचा धंदा. आज मात्र तो सकाळपासून नुसता सोलतच होता.

शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला.

"उघडलंत का दुकान? मला वाटलं, आज कडकडीत बंद पाळणार."

"बंद पाळायला काय झालं?"

"काय झालं म्हणजे! तुमचे हिरवे गारद झाले काल. आणि ती कप्तानाची पेनल्टी! तो चेंडू अजून खाली आला नसेल."

दुसऱ्या कुठल्याही वर्षी कारागिराने हातोडी फेकून मारली असती. निदान उचलली तरी असती.

"बिचाऱ्याचा पाय घसरला," तो म्हणाला. "उपांत्यपूर्व फेरीपर्यंत आणलं त्याने, हे काय थोडं झालं? भलं होवो त्याचं."

न्हाव्याने त्याला नीट निरखून पाहिले. "ताप-बीप नाही ना?" असे विचारून तो आपल्या साबणाकडे परत गेला.

कारागीर अगदी मनापासून बोलला होता. हिरव्या जर्सीच्या त्या फुटबॉल संघाचे वेड त्याला आणि त्याच्या मुलाला, दोघांनाही. मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला आणि दुकानावरच्या घरातला टीव्ही मुका झाला. त्याहून मुकी झाली सून. समाचाराला आलेल्या कुणा लांबच्या मावशीने पोरीच्या पायगुणाबद्दल काहीतरी कुजबुज केली होती, आणि कुजबुज नेमकी जिच्या कानी पडू नये तिच्याच कानी पडली. तेव्हापासून ती मागच्या खोलीतच असे. ताट आत नेई, धुऊन जागेवर ठेवी आणि दार लोटून घेई. तिला बाहेर काढण्यासाठी कारागिराने आणि त्याच्या बायकोने जंग जंग पछाडले, पण ती काही बधली नाही.

स्पर्धा सुरू झाली त्या संध्याकाळी कारागिराने वर्षभराने टीव्ही लावला. सून पाण्याचा जग भरून घ्यायला म्हणून उठली. ती स्वयंपाकघराच्या दारात पोचली आणि नेमका तेव्हाच पडद्यावर हिरव्यांचा गोल झाला.

"हलू नकोस!" कारागीर ओरडला. "थांब तिथेच! तुझ्या पायगुणाने गोल झालाय, तू हललीस की संपलं सगळं!"

सून जग हातात धरून मॅच संपेपर्यंत दारात उभी राहिली. हिरवे जिंकले. तो गोल खरे तर थोड्या वेळापूर्वीचा होता, आणि ती आली तेव्हा तो फक्त पुन्हा दाखवत होते. हे त्याने बायकोलाही सांगितले नाही. तोंडातून शब्द कसे निघाले, हे त्याचे त्यालाही कळले नव्हते.

मग पुढच्या मॅचला तीच जागा, तोच जग. तिसऱ्या मॅचला बायकोने स्टूल आणून ठेवले.

"अहो, गोल तुमचे आणि पाय पोरीचे, हा कुठला न्याय?"

स्टुलावर बसल्यावर सून हळूहळू बोलू लागली. ऑफसाइड म्हणजे काय, हे तिने विचारले. त्याने चमचे आणि वाट्या मांडून समजावले, मग त्याच वाट्यांत भात आला आणि तिघे तिथेच जेवले. एकदा तर ती पंचावर खेकसली, "डोळे आहेत की बटणं!" सासू तोंडाला पदर लावून हसली. आपण त्या अकरा पोरांचे ऋण कसे फेडणार, असे कारागिराला त्या दिवशी वाटले होते.

आणि काल ते हरले. चेंडू आडव्या खांबावरून गेला, तशी सून उठली, जग ओट्यावर ठेवला आणि आत गेली. दार लोटल्याचा आवाज त्याने ऐकला. ज्या पायगुणाचे त्याने इतके गोडवे गायले, तोच आता तिला खाणार होता. सकाळीही ती दिसली नाही. म्हणून तर तो खुर्च्यांवर राग काढत होता.

जिन्यात पावले वाजली. सून दुकानात आली. तिच्या हातात ते स्टूल होते.

"बाबा, याला गादी करून द्याल? फार रुततं."

कारागिराने पक्कड खाली ठेवली. "अगं, पण हरलो ना आपण."

"आपण हरलो. बाकीचे खेळतायत की."

"हे बघ, कालचं मनाला लावून घेऊ नकोस. पायगुण वगैरे सगळं झूट असतं. मी आपलं त्या दिवशी..."

"बाबा, तो गोल आधीच झाला होता," ती म्हणाली. "परत दाखवत होते. कोपऱ्यात लिहिलं होतं तसं. मला तेव्हाच दिसलं."

पलीकडे न्हाव्याची कात्री चालली होती. कारागिराने सोललेल्या खुर्चीतून लोंबणारा काथ्या बोटाने आत दाबला.

"मग जग घेऊन तेवढा वेळ उभी का राहिलीस?"

सुनेने स्टूल त्याच्यापुढे ठेवले.

"थांब म्हणालात ना तुम्ही. वर्षभरात मला तसं कुणी म्हणालंच नव्हतं."

त्याने स्टूल उलटे केले, सरळ केले, पुन्हा उलटे केले. मांडणीवरच्या ताग्यांमधून हिरवे कापड ओढले.

"फोम किती जाड घालू?"

"चांगला जाड घाला. पुढच्या स्पर्धेपर्यंत टिकायला हवा."

कारागीर मोजपट्टी शोधू लागला. टेबलाखाली पाहिली, खणात पाहिली. ती त्याच्या गळ्यातच होती.