क्विंटेलाचे पास

देशातल्या पहिल्या दहा शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंपैकी एकही मुलगी अर्कान्सामधल्या बेकर्स फोर्ड कॉलेजकडे कधी फिरकली नव्हती. त्यामुळे यादीत चौथी असलेल्या क्विंटेला ब्रॉडनॅक्सने होकार कळवला, तेव्हा सहायक कोच ऑर्व्हिल टीग यांनी पुन्हा फोन लावून खात्री करून घेतली. मोठमोठी विद्यापीठं सोडून ही इथे कशी, असं सगळेच विचारत. कोंबड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या आईला कामाची पाळी संपवून तासाभरात सामन्याला पोचता यावं, एवढाच तिचा विचार होता.

पहिल्या वर्षी तिने सामन्यामागे बावीस गुण काढले. दुसऱ्या वर्षी जानेवारीत उडीवरून उतरताना तिचा गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली, वर्ष बाकावर गेलं. परतली तेव्हा ती उंच उडी राहिली नव्हती. गावातले लोक कॉफी पिता पिता हळहळत.

एकदा सरावानंतर टीगनी बिचकतच विषय काढला. खेळ सोडलास तरी शिष्यवृत्ती चालू राहील, कुणी नावं ठेवणार नाही, असं म्हणाले.

क्विंटेला गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. "कोच, गुडघा गेलाय, डोळे शाबूत आहेत. वर्षभर बाकावर बसून मी नुसतं बघत होते. कोण कधी कुठे धावते, मला पाठ आहे."

आणि तिने ते करून दाखवलं. हातात आलेला चेंडू ती मान न वळवता नेमका मोकळ्या मुलीकडे धाडी. बेथ-अ‍ॅन स्लोकम ही शिष्यवृत्तीविना संघात आलेली बुजरी मुलगी तिच्या पासवर कोपऱ्यातून तीन-तीन गुण घेऊ लागली.

शेवटच्या वर्षी संघ विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला. एका गुणाने मागे, चार सेकंद बाकी. क्विंटेला बास्केटकडे झेपावली तशा तिघी तिच्यावर धावल्या. चेंडू त्यांच्या मधून कोपऱ्यात गेला. बेथ-अ‍ॅनने तो टाकला आणि जाळी हलली.

मुलींनी बेथ-अ‍ॅनला उचलून घेतलं. स्वतःचे तीन गुण आणि दुसऱ्यांना गुण मिळवून देणारे चौदा पास नावावर असलेली क्विंटेला लंगडत त्यांच्यामागे टाळ्या वाजवत निघाली. तिची आई टीगजवळ येऊन उभी राहिली, कामाचे बूट तसेच पायात.

"लहानपणी ही चेंडूला कुणाचा हात लागू देत नसे," ती म्हणाली. "हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही हो," टीग म्हणाले. "मी नुसते चेंडू उचलून देत होतो."