साहेब माझ्यात थुंकले तो दिवस

मी एक पत्र्याची बादली बोलतेय. ओळख सांगायला अवघड वाटतं, पण लाजून किती दिवस काढणार? मी थुंकायची बादली आहे. आमच्या टेकडीवर कॉफी पिकते, आणि सगळ्यात जास्त कॉफी पोटात जाते ती माझ्या. पिकवणारे चहा पितात.

जन्मतः मी अशी नव्हते. टेकडीवर कॉफीची छोटी बाग असलेल्या मावशींनी तेलाच्या जुन्या डब्यापासून मला बनवून घेतलं. पंधरा वर्षं त्यांच्या कमरेला बांधलेली असायचे. झाडावरची फळं माझ्यात पडायची, लाल, हिरवी, सगळी एकत्र. व्यापारी ट्रक लावून एकच वाक्य बोलायचा, "द्यायची तर द्या, नाहीतर सडू द्या." तोडलेलं फळ दोन दिवसही थांबत नाही, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

मग मावशींनी अकरा घरं एकत्र केली. गर काढायचं एक यंत्र, बिया भिजवायला एक हौद आणि एक नियम: फक्त लाल फळ. सगळ्यांचा माल एकाच हौदात जायचा, एकाच्या हिरव्या फळाने सगळ्यांची चव बिघडायची, म्हणून प्रत्येकाने आपली बादली इतरांसमोर ओतून निवडायची. मावशींच्या बादलीतलं हिरवं फळ त्यांची सख्खी जाऊच उचलून दाखवायची, तेही मोठ्या आनंदाने. सहकार म्हणतात तो हाच असावा.

पुढे माझी कडी तुटली आणि मी नळाखाली जाऊन बसले.

पहिला हंगाम संपला, वाळलेल्या बियांची पोती भरली. शहरातून खरेदीदार साहेब चव बघायला आले. त्यांना पसंत पडली नाही, तर माल पुन्हा व्यापाऱ्याकडे. त्याचा ट्रक फाटकाशी उभाच होता. असल्या बाबतीत माणूस वेळेचा पक्का. साहेबांनी रिकामं भांडं मागितलं आणि धांदलीत कुणीतरी मला उचललं.

साहेबांनी चमचाभर कॉफी फुर्रकन ओढली, डोळे मिटले आणि माझ्यात थुंकली.

खिडकीशी अकरा घरं उभी होती.

"थुंकला!" मावशींचे दीर कुजबुजले.

दुसरा कप. थुंकला. तिसरा. तोही.

दीर मागे वळले. "आता आणखी काय बघायचं राहिलंय? चला, पोती उचला. निदान तो ट्रकवाला तरी घेतोय."

सातवं पोतं ट्रकात चढलं, तशा मावशी तडक आत आल्या.

"साहेब, आवडली नसेल तर तसं सांगा. पण थुंकायला माझीच बादली सापडली? वर्षभर राबलोय आम्ही."

साहेब गोंधळले. "मावशी, दिवसाला शंभर कप चाखतो मी. सगळे गिळले तर आठवडाभर झोप नाही लागायची."

"म्हणजे... आवडली?"

"सगळी पोती हवीत."

मावशी धावल्या. "भावजी, उतरवा! अहो, उतरवा ती पोती!"

व्यापारी प्रथमच रिकामा ट्रक घेऊन गेला.

साहेबांनी कौतुकाने एक कप मावशींपुढे धरला. उभ्या जन्मातला पहिला घोट. मावशींचं तोंड वाकडं झालं, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या हळूच माझ्यात थुंकल्या.

"अगं बाई! आणि हे लोक विकत घेऊन पितात?"

आता अकराची चाळीस घरं झाली आहेत. शहरात नोकरीला गेलेली मावशींची सून नवऱ्यासकट परत आली. चव बघायचं काम तीच करते, आणि साहेबांपेक्षा नेमकी थुंकते. व्यापाऱ्याचा मुलगाही गेल्या हंगामात सभासद झाला. त्याच्या बादलीतली हिरवी फळं जाऊबाई जरा जास्तच बारकाईने वेचतात.

मला नवी कडी बसवली आहे. स्वतःचा खिळाही आहे.

तुमच्याकडे एकच मागणं. कपाच्या तळाशी उरलेला घोट ओतून देऊ नका. आवडो न आवडो, गिळा. थुंकायचा मान फक्त आमच्या टेकडीचा.