मावशीच्या बदल्यात म्हैस

कोरीटच्या गुलाबसिंग गिरासेच्या बैठकीत भिंतीला एक दांडगा खिळा होता आणि त्या खिळ्याला आता काहीच टांगलेलं नव्हतं. घरात कुणाला त्याचं सुखदुःख नव्हतं. सासूबाई गंगीबाई तर म्हणत होत्या की मोकळा खिळा बरा दिसत नाही, लसणाची वेणी तरी अडकवा. पण केर काढता काढता फुलवंताबाई त्या भिंतीपाशी आली की तिचा झाडू आपोआप हळू व्हायचा, आणि पदराआडून ती त्या खिळ्याकडे असं बघायची जसं कुणी रुसून गेलेल्या माणसाच्या रिकाम्या पाटाकडे बघावं.

तिथं मावशी असायची.

मावशी म्हणजे ठासणीची बंदूक. फुलवंताच्या बापाची. आई गेली तेव्हा फुलवंता पाळण्यात होती, आणि बाप काही फार बोलणारा गडी नव्हता. त्याने पोरीला एवढंच सांगितलं होतं की घरात आता आपण तिघं, तू, मी आणि मावशी. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचं शेत. ज्वारी निसवली की रानडुकरं कळपाने उतरायची. बाप-लेक राखणीच्या उंच माळ्यावर बसायची आणि मधे मावशी, गोधडीत गुंडाळलेली, कारण तिला गारठा सोसत नाही असं बापाचं म्हणणं. पोरगी परकर सावरत नळीत दारू ओतायची, गजाने ठासायची, चापाखाली ठिणगीची टोपी बसवायची. मग मावशी खोकायची. ती अशी काही खोकायची की डुकरं शेपट्या वर करून थेट डोंगराला लागायची आणि फुलवंता माळ्याच्या दुसऱ्या टोकाला उताणी पडून खिदळायची. बाप म्हणायचा, मावशी लाडात आली की ढकलते, वाईट वाटून घेऊ नको.

लग्नात त्याने ती बंदूक सरळ नवरीच्या शेजारी बैलांच्या दमणीत ठेवून दिली. वऱ्हाडी म्हणाले, करवली मोठी सडपातळ आहे हो. सगळी हसली, पदराखाली फुलवंताही हसली. पुढं दोन पावसाळ्यांत बाप गेला, आणि मावशी कोरीटच्या भिंतीवर राहिली. सुनेने बंदूक उडवायचा प्रश्नच नव्हता, गिरासेंच्या घरात सुनेचं नाकसुद्धा गल्लीला दिसायचं नाही. पण तेलाची चिंधी फिरवायला कोण अडवतं? तेवढ्यावर दोघींचं चाललं होतं.

मग तापी जन्मली. गोरीगोमटी, नदीसारखीच धो धो आवाजाची पोर. फुलवंताला दूध पुरेना. शेळीचं दूध पाजलं तर पोरीचं पोट फुगे. समोरच्या घरात उदेसिंग राहायचा, नात्याने भाऊबंद. त्याच्या दावणीला नुकतीच व्यालेली म्हैस होती, चांदरी. आणि त्याच्या मनात एकच हौस होती, दारावर बंदूक असावी, येणाऱ्याजाणाऱ्याने ती बघून जरा वाकून जावं. बसायला आला की त्याचं बोलणं गुलाबसिंगशी आणि डोळे भिंतीशी असायचे. एके दिवशी त्याने विचारलंच.

गुलाबसिंग सरळ माणूस. बायकोच्या माहेरची वस्तू तिला न विचारता द्यायची नाही म्हणून तो चुलीपाशी आला आणि भांड्यांकडे बघत म्हणाला, "ऐकस का, देवू का मी ती बंदूक?" मांडीवर तापी भुकेने निळी-जांभळी होत होती. फुलवंताने मान हलवली. हो म्हणाली ती आपण होऊन. परवान्याचं काय ते पुरुषांनी नंदुरबारला जाऊन निस्तरलं, आणि श्रावणात मावशी गल्ली ओलांडून गेली नि चांदरी गल्ली ओलांडून आली.

दूध म्हणजे काय, लोटच्या लोट. तापीच्या मनगटाला वळ्या पडल्या. हनुवट्या वाढल्या. फुलवंताला रडायचीसुद्धा सोय उरली नाही. मावशीची आठवण येऊन डोळे भरायला आले की नेमकी पोर पोटभर पिऊन समाधानाने ढेकर द्यायची, आणि आईला हसू फुटायचं. हसता हसता मग रडू. सासूबाईंना वाटलं, बाळंतवारा आहे, आणि त्यांनी डिंकाचे लाडू वाढवले.

पण जीव राहवेना. मग फुलवंताने युक्ती काढली. रोज सकाळी ती वाटी घेऊन समोर जायची, उदेसिंगच्या बायकोकडे, कालीबाईकडे, विरजण मागायला. घरात म्हशीचं दूध वाहतंय, दही ताक लोणी उतू चाललंय, आणि ही बाई रोज विरजण मागते. गल्लीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, हिचं दही लागतच नसेल. कुणी म्हणालं, दही लागतं हो, बाईलाच काहीतरी लागलंय. कालीबाई भली, ती वाटी भरून द्यायची आणि फुलवंता मान खाली घालून, डोळे मात्र पदरातून वर करून, दाराच्या चौकटीवर टांगलेल्या मावशीला बघून घ्यायची.

उदेसिंगने तिला झेंडूची माळ घातली होती. पट्ट्याला लोकरीचे गोंडे लावले होते. तेही ती सोसत होती. मग एके दिवशी बघते तर मागचा लाकडी दस्ता हिरवागार. गाडीला रंग दिला, त्यातला उरला, वाया का घालवा म्हणून उदेसिंगने बंदुकीलाही एक हात मारला होता. फुलवंता त्या दिवशी विरजणाची वाटी तिथंच विसरून आली आणि भाकरी समोर घेऊन नुसती बसून राहिली. मावशी हिरवी. बापाने बघितलं असतं तर पोटात दुखेपर्यंत हसला असता, हे मनात आलं आणि मग तिला घास गेला.

आता एक गोष्ट फुलवंताशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. टोपी बसवायची तिथलं बारीक भोक पावसाळ्यात मेणाने बुजवायचं, म्हणजे आत ओल जात नाही, आणि उडवण्याआधी ते कोरून काढायचं, ही बापाची शिकवण. आषाढात तिने ते बुजवलं होतं. श्रावणात बंदूक गेली. पहिल्या दिवशी ती सांगायला विसरली. दुसऱ्या दिवशी तिला आठवलं, आणि तरी ती विसरल्यासारखीच राहिली.

मार्गशीर्षात रनाळ्याला उदेसिंगच्या भाच्याचं लग्न निघालं. उदेसिंगने आठ गावांत सांगून ठेवलं, नवरदेव वेशीला आला की बंदूक कडाडणार. नवरदेव आला. घोडी थांबली, वाजंत्री थांबली, बायांनी कानांवर हात ठेवले. उदेसिंगने मिशीला पीळ दिला आणि चाप ओढला. टक्. दुसऱ्यांदा ओढला. टक्. शेवटी वाजंत्र्यालाच दया आली आणि त्याने ढोल बडवला. जेवणाच्या पंगतीत एका व्याह्याने अगदी आदराने विचारलं, की पावणं, तुमच्याकडे या दांड्याने ताक घुसळतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळीच उदेसिंग चार जाणत्यांना घेऊन गुलाबसिंगच्या अंगणात हजर. त्यांतला म्हातारा पितांबर खाटेवर मधोमध बसला. हिरवी मावशी त्यांच्या पुढ्यात आडवी.

"हाई बंदूक मरेल शे," उदेसिंग म्हणाला. "मन्ही म्हैस मले परत दे."

दाराआड तापीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या फुलवंताच्या छातीत ढोल वाजायला लागला. मावशी घरी येणार. काही करायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर सुनेचं कामच. पोर आता वरणभात खाते, दूध उसनंपासनं मिळेल. तिने मनातल्या मनात हिरवा रंग खरवडूनसुद्धा टाकला. तिला भिंतीशी धरून नाचावंसं वाटलं.

बाहेर बंदूक हातोहात फिरली. जो तो नळीत डोकावे आणि मान हलवे. गुलाबसिंग म्हणत होता की मी फसवलं नाही, दिली तेव्हा चांगली होती. उदेसिंग म्हणत होता की चांगली होती तर उडवलीस कधी? गुलाबसिंगचे कान लाल झाले. त्याचे कान लाल होतात हे फुलवंताने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

"लई जाय तुन्ही म्हैस," तो चांदरीच्या खुंट्याकडे हात करून, खाली बघत म्हणाला.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण पितांबरने बंदूक उलटीसुलटी केली, थुंकला आणि म्हणाला, "पोरगी देवानी घाई व्हती बापले. तिना संगे हाई मरेल लोखंड बी खपाडी दिधं."

मग पुढं काय झालं ते फुलवंताला नीट सांगता आलं नसतं. पाय आपले उंबऱ्याबाहेर पडले. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, कडेवर पोर, आणि ती सरळ पुरुषांच्या मधोमध. सासूबाईंनी आतून हाक मारली ती हवेतच राहिली. तिने तापीला पितांबरच्या मांडीवर ठेवलं, कारण तीच मांडी जवळ होती. केसांतला आकडा काढला, मावशीला मांडीवर घेतलं आणि त्या बारीक भोकातून मेणाची गोळी कोरून काढली. ती तळहातावर घेऊन सगळ्यांपुढे धरली.

"मेन शे. मीच लायेल शे."

सून बोलली याचंच सगळ्यांना इतकं झालं होतं की मेणाचं नंतर बघू असा प्रत्येकाचा चेहरा. तिने विचारलं, दारू भरली आहे का? उदेसिंगने होकाराची मान डोलावली. एकदा भरून उडाली नाही म्हणून त्याने वरून पुन्हा भरली होती, पण ते त्याने लाजेने सांगितलं नाही. फुलवंताने टोपी मागून घेतली, बसवली, खळ्यावरच्या मोकळ्या आभाळाकडे नळी केली आणि पाय रोवले.

मावशी खोकली. नुसती खोकली नाही, इतक्या महिन्यांचं सगळं मनात साठवलेलं तिने एका दमात बाहेर काढलं. चिंचेवरचे कावळे उडाले, कोंबड्या घरावर चढल्या, पितांबर खाटेवरून पोरीसकट गव्हाणीत जाऊन बसला. चांदरीने खुंटा उपटला आणि तो मागे नाचवत ती गल्लीतून सुसाट सुटली. फुलवंता मागच्या कडब्याच्या गंजीत उताणी, पाय वर, पदर कुठल्या कुठं, तोंड काळंमिट्ट, आणि ती हसत होती. माळ्यावर हसायची तशी, पोटापासून. तोवर कोरीटने तिचं तोंड बघितलं नव्हतं. बघितलं ते असं.

गव्हाणीतून तापीने टाळ्या पिटल्या. मग पहिल्यांदा गंगीबाई हसल्या, दाराला धरून, आणि मग कुणाचंच हसू आवरेना. पितांबर गव्हाणीतूनच म्हणाला की माझं बोलणं मी परत घेतो, पण आधी मला कुणीतरी बाहेर काढा.

उदेसिंगचे डोळे पाण्याने भरले होते. त्याने धावत येऊन धूर सुटत असलेली मावशी उराशी धरली, हात पोळला तरी सोडली नाही. म्हैस नको, काही नको, सौदा तो सौदा, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. फुलवंता कडब्यातून उठून बसली तेव्हा मावशी गल्ली ओलांडून चालली होती. पुन्हा एकदा, आणि पुन्हा तिच्याच हाताने. तिला हसता हसता हुंदका आला. पण या वेळचा हुंदका हलका होता, पिसासारखा.

चांदरी निघाली होती ती तापीच्या वाटेला, म्हणजे नदीच्या. गुलाबसिंग आणि फुलवंता दोघंही मागे धावली. ओढ्याजवळ म्हैस गवसली. परत येताना दोघं बरोबरीने चालत होती, हेही पहिल्यांदाच. गुलाबसिंग काहीतरी म्हणाला. फुलवंताने ओठ हललेले बघितले. कानांत नुसती मधमाश्यांची पोळी उठली होती. तिने विचारलं, काय म्हणता? त्यालाही ऐकू आलं नाही. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तो बेंबीच्या देठापासून ओरडला,

"गप ऱ्हायती ते मावशी घर येती. काबं बोलनी?"

"तिले कोनी मरेल म्हनं ते मले सोसावत नही," तीही ओरडली. "नि तुमना कान लाल व्हई गयथात."

त्याने तो खिळा आणि ती विरजणाची वाटी सगळं ओळखलं होतं, असं त्याने ओरडून सांगितलं. मग बोलला का नाहीत, तिने ओरडून विचारलं. तू हो म्हणाली होतीस, तो ओरडला. हो म्हणाले खरी, पण रोज आठवण येते, ती ओरडली, आणि म्हैसही आवडते, आणि तुम्हीसुद्धा. दोन्ही बाजूंच्या दारांत बायामाणसं येऊन उभी राहिली होती, कालीबाई तोंडात पदर कोंबून, उदेसिंग बंदुकीला टेकून. गुलाबसिंग विचारत होता की डुकरं खरंच शेपट्या वर करून पळायची का, आणि ती हातवारे करून, म्हशीचा दोर खांद्यावर टाकून, माळ्यापासून सगळं सांगत होती.

दारात तापीला थोपटत उभ्या असलेल्या गंगीबाई म्हणत होत्या की जरा हळू बोला, पोर आत्ताच झोपली आहे. दोघांपैकी कुणालाच ते ऐकू आलं नाही.