आजीने चरबी का घातली नाही

सुरैयाबीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. उद्या ईद. मस्कतची सगळी दापोलीकर मंडळी तिच्या मुलाची, मुनीरची नवी बायको बघायला ओमानमधल्या निझव्याला येणार, आणि नवी नवरी दार लावून बसलेली! मळलेली कणीक कचऱ्यात.

सून तस्नीम मोरोक्कोची. तिच्या माहेरी रमजानात शेबाकिया करतात. तीळ-बडीशेप घातलेल्या कणकेच्या गाठी तळून मधात बुडवायच्या. काल वरच्या मजल्यावरची स्पॅनिश मास्तरीण इनेस आली, एक गाठ तोंडात टाकली आणि म्हणाली, "हे तर आमचं! माझी आजी करायची. तुम्ही चोरलंत." तस्नीमला स्पॅनिश येतं. तिथेच पेटलं.

लग्न झाल्यापासून सुरैयाबी स्वतः सुनेला परकी म्हणत होती. पण ते सासूचं तोंड, सासूचा हक्क. तिऱ्हाइताने यायचं आणि बोलून जायचं?

ती तरातरा वर गेली आणि इनेसला हाताला धरून खाली घेऊन आली. "आजी करायची ना? मग कर आता. मुनीर, इंग्रजीत सांग तिला!" मग सुनेचं दार बडवलं. "ए तस्नीम, रुसायला वर्ष पडलंय. उद्या माझं नाक कापशील?"

दोघी ओट्याशी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तीळ दोघींनी भाजले, बडीशेप दोघींनी कुटली. मुनीरने तुपाचा डबा पुढे केला, तर इनेस म्हणाली, "नको. तेलच. आमच्या गावात सगळे कणकेत डुकराची चरबी घालतात. आजीने कधीच नाही घातली. म्हणायची, आपल्या घरात चालत नाही."

तस्नीमचा हात थांबला. "का चालत नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

"चारशे वर्षांपूर्वी आमच्या लोकांना, मुसलमानांना, स्पेनमधून हाकललं," तस्नीम हळूच म्हणाली. "काही मागे राहिले. नावं बदलून, धर्म बदलून. तुझी आजी कदाचित..."

इनेस पिठाच्या हातांनीच खाली बसली.

मुनीरने सगळं उलगडून सांगितलं तशी सुरैयाबी भडकली. "म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी चुलीपुढे तोंड शिवून घेतलं? नातीलासुद्धा सांगायची चोरी? मेल्यांनो, कुणाच्या बापाचं काय खाल्लं होतं त्यांनी!" कुणावर ओरडतेय, तिचं तिलाच कळेना. हाकलणारे कधीच मातीत गेलेले. म्हणून राग आणखी चढला.

ती इनेसकडे वळली. "ऊठ. चोर म्हणालीस ना माझ्या सुनेला? उद्या पाहुण्यांसमोर ताट तूच फिरव, आणि तुझ्या तोंडाने सांग, कुणाच्या घरचं आहे ते."

इनेसने तस्नीमकडे पाहिलं. तस्नीमने मधाचं पातेलं दोघींच्या मध्ये सरकवलं.

"बघत काय बसल्यात!" सुरैयाबी खेकसली. "तेल जळतंय."