मुकादमाचा खोकला

कारखाना पाडायचं ठरलं तेव्हा गावाला एकदम त्याची माया आली. इतकी वर्षं त्याच्या भिंतीला टेकून सायकली लावणारी माणसं आता त्याच भिंतीपुढे उभी राहून फोटो काढून घेऊ लागली. हातोड्या, छिन्न्या, पकडी, कानशी... निम्म्या गावाचं आयुष्य इथल्या धुरात गेलं होतं. पाडण्याआधी एक दिवस लोकांना आत सोडणार होते, आणि अंथरुणाला खिळलेल्या ताईने धाकट्या भावाला फर्मान सोडलं.

"जा. काळ्या खोलीची खिडकी बघून ये. आणि तिची काच घेऊन ये."

"ताई, अजून काच राहिली असेल का तिथे?"

"जाऊन तर बघ. सगळंच काही पुस्तकात बसून कळत नाही."

भाऊ शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. गल्ली त्याला पुस्तकराव म्हणे. कुणाशी बोलायचं तर तो आधी दोनदा चष्मा पुसायचा. पण ताईचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. आईमागे तिनेच त्याला सांभाळलं होतं, आणि तिच्या नशिबी स्वतःचा संसार आला नव्हता तो त्या खिडकीपायीच.

त्यांचे बाबा काळ्या खोलीत लोखंडाला पाणी द्यायचे. हातोडीचं डोकं भट्टीत तापवायचं, त्याला डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग चढला की त्याच क्षणी काढून पाण्यात बुडवायचं. क्षणभर आधी काढलं तर लोखंड मऊ राहतं, उशीर झाला तर काचेसारखं ठिसूळ होतं. उजेडात हा रंग फसवतो, म्हणून खोली अंधारी. बाबांच्या हातची हातोडी कधी फुटली नाही, असं सगळे म्हणायचे. आणि मग एक फुटली. तयार हातोड्या ऐरणीवर आपटून तपासणारा एक माणूस होता, त्याच्या डोळ्यात कपची घुसली. त्याचा डोळा गेला, बाबांची नोकरी गेली.

आई सांगायची ते असं, की मुकादम बाबांना पाण्यात पाहायचा. त्यानेच खिडकीच्या काचेवरचा काळा रंग खरवडला, आत उजेड शिरला आणि बाबांचा रंग चुकला. हा मुकादम सदा खोकायचा. ताई लहानपणी त्याची हुबेहूब नक्कल करायची, घशात खाकरून, छातीवर हात ठेवून. आई हसायची. बाबा मात्र उठून भिंतीला हात लावत लावत आत निघून जायचे.

पुढे त्याच मुकादमाच्या मुलाने ताईला मागणी घातली. दोघांची मनं जुळलेली होती हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ताईने दारातूनच सांगितलं, "ज्याच्या बापाने माझ्या बापाच्या तोंडाला काळं फासलं, त्याच्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही." आणि दार लावलं. ते पुन्हा कुणासाठी उघडलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तोच मुलगा उभा होता. मुलगा कसला, आता पाठीत वाकलेला म्हातारा.

"या पुस्तकराव! वाट चुकलात का?"

"मला... काळी खोली बघायची होती," पुस्तकरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे तिची खिडकी."

म्हाताऱ्याने जुडग्यातली एक किल्ली वेगळी काढली. मग पुढे चालू लागला.

खोली लहान होती. भट्टीचं तोंड, पाण्याचा दगडी हौद, काजळी धरलेलं छत. पुस्तकरावांनी चारही भिंती पाहिल्या, मग हाताने चाचपल्या. सलग दगड. कुठे चौकट बुजवल्याचीही खूण नव्हती.

"खिडकी कुठाय?"

"खिडकी असती तर काळी खोली कशाला म्हटलं असतं?" म्हातारा म्हणाला. "इथे कधीच खिडकी नव्हती रे."

"पण मग रंग..."

"बस जरा." त्याने हौदाच्या काठावरची धूळ झटकली. "तुझ्या बाबांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. शेवटचं वर्षभर त्यांना रंग दिसतच नव्हता. आमचे वडील मागे उभे राहायचे, आणि रंग चढला की खोकायचे. त्या खोकल्यावर तुझे बाबा हातोडी काढायचे. खोकून खोकून वडिलांचा घसा खरंच बसला. एक दिवस तापाने फणफणून ते घरी राहिले. तुझ्या बाबांनी काम थांबवायला हवं होतं. थांबवलं असतं तर बिंग फुटलं असतं, म्हणून अंदाजाने काढत राहिले."

"आणि तुम्ही... तुम्ही गप्प बसलात? ताईने दार लावलं तरी?"

"मी वडिलांच्या पाया पडलो, म्हटलं, आता तरी सांगा. ते म्हणाले, शब्द दिलाय. तुझे बाबा गेले तेव्हा पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, मेलेल्या माणसाला उघडं पाडू नये." तो हसल्यासारखा झाला. "नंतर माझं लग्न झालं. मग कुणाला सांगायचं आणि कशाला?"

पुस्तकरावांना आठवत गेलं. नोकरी गेल्यावर बाबा रोज संध्याकाळी त्यांना जवळ बसवून वर्तमानपत्र वाचून घ्यायचे. मग गोष्टीची पुस्तकं. 'तुझा आवाज गोड आहे,' म्हणायचे. आयुष्यभर कुणी कौतुक केलं नाही, तरी त्या एका वाक्यावर पुस्तकरावांनी दिवस काढले होते. बाबांना अक्षरंच दिसत नव्हती, म्हणजे आता त्यातलंही काही उरलं नाही. बाबा रोज ती खिडकीची गोष्ट ऐकत होते, ताईची नक्कल ऐकत होते, आणि तोंडातून ब्र काढत नव्हते. आईला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते विचारायला कुणी राहिलं नव्हतं.

फाटकाशी येता येता म्हातारा म्हणाला, "ताई कशी आहे? अजून तशीच फटकळ बोलते का?"

"अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी आशा सोडलीय."

"मी आलो तर चालेल का तिला?"

पुस्तकराव चष्मा पुसत कारखान्याच्या अंगणाकडे वळले.

अंगणात मोडतोडीचा ढीग होता. त्यात भांडारघराच्या काचा होत्या, आतला माल दिसू नये म्हणून काळ्या रंगवलेल्या. त्यांनी एक तुकडा रुमालात गुंडाळला. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि घराच्या किल्लीने रंगावर एक ओरखडा काढला. ओरखडा वाकडा आला.

ताईने काच दोन्ही हातांनी धरली. बोट फिरवत ओरखडा शोधला. मग एक डोळा मिटून, दुसरा त्याला लावून घरातल्या खिडकीकडे पाहिलं.

"बघ," ती म्हणाली, "उजेड येतोय की नाही?"

"येतोय."

"आई खोटं बोलणारी नव्हती." तिने काच उशाखाली सरकवली. मग, जणू सहजच, "तो होता का तिथे? मुकादमाचा?"

"होता."

"काही विचारलं त्याने?"

पुस्तकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. काळ्या खोलीला खिडकी होती असंच राहू द्यायचं, तर त्या माणसाने ताईची चौकशी केली हेही सांगता येत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही."

"वाटलंच मला," ताई म्हणाली, आणि तिने भिंतीकडे कूस वळवली.